शून्य रोधाची किंमत

विजेच्या पारेषणाचा इतिहास हा मुख्यतः एका हानीशी केलेल्या तडजोडीचा इतिहास आहे. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या तारेतून धारा वाहू लागली की तारेचा रोध, म्हणजे धारेच्या मार्गातील अंगभूत अडथळा, त्या ऊर्जेतील काही भागाची उष्णता करून टाकतो. ही उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे धारा दुप्पट झाली की हानी चौपट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभियंत्यांनी यावर जो तोडगा काढला, त्यात रोधाला हात न लावता धाराच कमी ठेवण्याची युक्ती होती, कारण तेवढीच शक्ती अधिक व्होल्टेजने पाठवली तर कमी धारा पुरते. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर जाणारी १,५०० मेगावॉट क्षमतेची वाहिनी ५०० किलोव्होल्टवर चालते ती याच हिशेबाने. रोध मुळातूनच नाहीसा होणारे पदार्थ मात्र १९११ सालापासून माणसाला ठाऊक आहेत, आणि अशा पदार्थाची वाहिनी टाकली तर हानीचा प्रश्नच मिटेल ही कल्पनाही तितकीच मोहक आहे. तिचे पुढे जे झाले त्याची हकीकत वरकरणी तारेची असली, तरी खरे पाहता ती त्या तारेभोवतीच्या नळीची, नळीतल्या थंडीची आणि थंडीच्या खर्चाची हकीकत आहे.

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात हाइके कामरलिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी हेलियम वायू प्रथमच द्रवरूप केला. द्रव हेलियम ४.२ केल्विनला उकळतो. केल्विन मापश्रेणी निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजली जात असल्यामुळे हे तापमान उणे २६९ अंश सेल्सिअस होते. इतक्या थंडीत धातूंच्या रोधाचे काय होते हा त्या काळी वादाचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर शोधता शोधता ८ एप्रिल १९११ रोजी त्याच प्रयोगशाळेत पाऱ्याचा रोध एकाएकी मोजता न येण्याइतका खाली गेल्याचे आढळले. रोधाची मोजणी खिलेस होल्स्ट या तरुण संशोधकाने केली होती आणि हेलियमची उपकरणे खेरिट फ्लिम या कुशल तंत्रज्ञाच्या हातची होती, परंतु त्या काळच्या रिवाजानुसार निबंधावर नाव एकट्या ओनेस यांचे आले आणि १९१३ चे नोबेल पारितोषिकही त्यांना मिळाले. या गुणधर्माला अतिसंवाहकता हे नाव पडले, आणि ज्या तापमानाखाली तो प्रकट होतो त्याला क्रांतिक तापमान म्हणू लागले.

शिसे आणि कथील हे दोन्ही धातू असेच वागतात हे लवकरच कळले. त्यांच्या तारा काढणे सोपे असल्यामुळे ओनेस यांनी प्रचंड शक्तीच्या विद्युतचुंबकाचे बेत आखले, पण तारेच्या वेटोळ्यात धारा वाढवताच अतिसंवाहकता नाहीशी होऊ लागली. कारण पुढे स्पष्ट झाले. अतिसंवाहक केवळ उष्णतेला नव्हे, चुंबकीय क्षेत्रालाही असहिष्णू असतो, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील साध्या नालचुंबकाच्या ध्रुवांशी असते तेवढे क्षेत्रही शिशाचा गुणधर्म मोडायला पुरते. धारा वाहणारी प्रत्येक तार स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करीत असल्यामुळे शिशाच्या तारेची धारा एका मर्यादेपलीकडे गेली की ती स्वतःच्याच क्षेत्राने बाद होते. म्हणजे रोध शून्य असला तरी वाहून नेण्याची ताकद बेताचीच, आणि मोठ्या वाहिनीला तर नेमकी ताकदच हवी असते. या पेचामुळे जवळजवळ अर्धे शतक अतिसंवाहकता ही भौतिकशास्त्रज्ञांच्या कुतूहलाची वस्तू राहिली व अभियंत्यांनी तिच्याकडे फिरकण्याचे कारण नव्हते.

कोंडी फुटली ती १९६१ मध्ये. बेल प्रयोगशाळेत जॉन कुन्झलर आणि त्यांचे सहकारी नायोबियम आणि कथील यांच्या संयुगाची तार तपासत होते. हे संयुग अतिसंवाहक असल्याचे बर्न्ट मॅथिआस यांच्या गटाने १९५४ मध्येच दाखवले होते आणि त्याचे क्रांतिक तापमान १८ केल्विनच्या आसपास होते. आता असे दिसले की ८.८ टेस्ला एवढ्या जबर चुंबकीय क्षेत्रातही ही तार दर चौरस सेंटिमीटर छेदातून एक लाख ॲम्पियरहून अधिक धारा बिनरोध वाहते. घरातल्या तांब्याच्या तारेत त्याच छेदाला काहीशे ॲम्पियरपुढे जाता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. याचे स्पष्टीकरण सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्येच मांडले होते: दुसऱ्या जातीचे म्हटले जाणारे हे अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राशी अखेरपर्यंत झुंजत बसत नाहीत, ते त्याला अतिशय बारीक धाग्यांच्या रूपाने आत शिरू देतात आणि धाग्यांमधली जागा अतिसंवाहकच राखतात. पदार्थातील सूक्ष्म दोषांत हे धागे अडकून स्थिर राहिले तर धारा बिनरोध वाहते. मात्र धारा प्रत्यावर्ती असेल, म्हणजे दर सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा मागेपुढे होत असेल, तर धाग्यांनाही तितक्याच वेळा आतबाहेर करावे लागते आणि त्या ओढाताणीत थोडी उष्णता निर्माण होतेच. शून्य रोध हा शब्दशः शून्य असतो तो दिष्ट धारेपुरता, एकाच दिशेने वाहणाऱ्या स्थिर धारेपुरता. जगाचे वीजजाळे बहुतांशी प्रत्यावर्ती धारेवर उभे आहे, ही बाब पुढे फार महाग पडणार होती.

अशा पार्श्वभूमीवर १९६७ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या रिचर्ड गार्विन आणि युरी मॅटिसू या दोन शास्त्रज्ञांनी विद्युत अभियंत्यांच्या प्रतिष्ठित नियतकालिकात एक निबंध लिहिला, आणि अतिसंवाहक वाहिनी प्रथमच पूर्ण आकारानिशी कागदावर उतरली. गार्विन यांनी विशीत असताना पहिल्या हायड्रोजन बॉम्बच्या रचनेचे काम केले होते, आणि त्यांच्या या निबंधालाही भव्यतेची सवय असल्याचे जाणवते. त्यांची वाहिनी १,००० किलोमीटर लांब होती आणि १,००,००० मेगावॉट वाहून नेणारी होती; भारताची १९६६ मधील एकूण स्थापित क्षमता सुमारे ९,००० मेगावॉट होती, म्हणजे साऱ्या देशाच्या दहापटींहून अधिक वीज त्या एका नळीतून जायची होती. नायोबियम-कथिलाच्या संवाहकांतून २०० किलोव्होल्टवर पाच लाख ॲम्पियरची दिष्ट धारा, भोवती द्रव हेलियम, त्याबाहेर द्रव नायट्रोजनचे कवच, त्याबाहेर निर्वात, आणि दर २० किलोमीटरवर एक शीतकरण केंद्र, अशी तिची रचना होती. हा अभियांत्रिकी आराखडा नसून शक्यतेची चाचपणी आहे असे लेखकांनी स्वच्छ सांगितले होते, परंतु खर्चाचे आकडे मांडून ते त्यांनी अशक्य कोटीतले नसल्याचेही दाखवले.

या आकड्यांमागे एक विशिष्ट काळ उभा होता. अमेरिकेतील विजेची मागणी तेव्हा दरवर्षी सुमारे सात टक्क्यांनी वाढत होती, म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट होत होती, आणि ही चढण अशीच चालू राहील यात फारशी कोणाला शंका नव्हती. अणुभट्ट्यांची प्रचंड संकुले वस्तीपासून दूर उभारायची आणि तिथून शहरांकडे वीज आणायची, असा त्या पिढीचा नकाशा होता, आणि त्या नकाशातील जाड रेषा म्हणजे ही अतिशीत नळी होती. गणित चुकले ते भौतिकशास्त्राचे नाही, मागणीचे चुकले. पण ते कळायला सहा वर्षे जावी लागली.

त्या सहा वर्षांच्या आतच कागदावरील रेषेचा तुकडा प्रत्यक्षात करून पाहण्याचे काम अनेक देशांत सुरू झाले. त्यातले सर्वांत चिकाटीचे काम न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत एरिक फोर्सिथ यांच्या नेतृत्वाखाली १९७२ पासून झाले, आणि त्यांनी मुद्दामच अवघड वाट धरली: अस्तित्वात असलेल्या जाळ्याला जोडता यावी म्हणून दिष्ट धारेऐवजी प्रत्यावर्ती धारेची केबल. नायोबियम-कथिलाची चपटी फीत पोकळ गाभ्याभोवती नागमोडी गुंडाळायची, तिच्यावर प्लास्टिकच्या फितींचे अनेक थर देऊन विद्युतरोधन करायचे, आणि हे सारे सात-आठ केल्विनच्या दाबयुक्त हेलियमने भरलेल्या नळीत ठेवायचे. ऐकायला हे सरळ वाटते, परंतु खोलीच्या तापमानापासून त्या थंडीपर्यंत जाताना केबल लांबीच्या हजारात सुमारे तीन भाग आकसते, म्हणजे किलोमीटरमागे तीन मीटर, आणि प्रत्येक थर वेगळ्या प्रमाणात आकसला तर फिती फाटतात किंवा चुरगळतात. म्हणून फितींचा पीळ असा द्यावा लागला की आकसणे पिळातच जिरावे. १९८२ मध्ये ११५ मीटर लांबीच्या दोन केबली प्रथम थंड करण्यात आल्या. पुढल्या चार वर्षांत त्यांवर १३८ किलोव्होल्टच्या त्रिकला वाहिनीस साजेसे व्होल्टेज आणि ४,००० ॲम्पियरच्या वर धारा देऊन पाहिली गेली. तिन्ही कलांचा हिशेब धरला तर ही क्षमता १,००० मेगाव्होल्ट-ॲम्पियर होते, आणि ती केवळ चाळीस सेंटिमीटरच्या आसपास व्यासाच्या नळीत मावत होती.

प्रयोग यशस्वी झाला आणि त्याची गरज उरली नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेतील मागणीची वाढ दोन-तीन टक्क्यांवर आली, अणुभट्ट्यांच्या मागण्या रद्द होऊ लागल्या आणि दूरवरची संकुले नकाशावरून पुसली गेली. शिवाय थंडीचा हिशेब निर्दय होता. चार केल्विनला आत शिरलेली एक वॉट उष्णता बाहेर काढायला खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या यंत्राला काही शे वॉट वीज खावी लागते, आणि हा खर्च वाहिनीतून पूर्ण भार जात असो की मध्यरात्रीचा अर्धा, सारखाच राहतो. साध्या तारेची हानी भार उतरला की उतरते. अतिशीत वाहिनीचे बिल मात्र रिकामी असतानाही चालू असते. म्हणून तिचे गणित हजारो मेगावॉटच्या सततच्या भारालाच जुळायचे, आणि असा भार कोणाकडे शिल्लक नव्हता. १९८६ मध्ये ब्रुकहेवनचे काम थांबले.

योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झुरिकजवळच्या रुश्लिकॉन येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेतील योहानेस गिओर्ग बेड्नोर्झ आणि कार्ल ॲलेक्स म्युलर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. लँथॅनम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या मृत्तिकेत, ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकतेची चिन्हे दिसत होती, आणि मृत्तिका ही सहसा विद्युतरोधक असते हे लक्षात घेता त्यावर पटकन विश्वास बसण्यासारखा नव्हता. १९८७ च्या जानेवारीत ह्यूस्टनचे पॉल चू आणि अलाबामातील माव-क्वेन वू यांच्या गटांनी लँथॅनमच्या जागी इट्रियम घालून हे तापमान ९३ केल्विनवर नेले. या आकड्यातील जादू ७७ या दुसऱ्या आकड्यात होती, कारण ७७ केल्विनला द्रव नायट्रोजन उकळतो, तो हवेतूनच काढता येतो, आणि त्या तापमानाला एक वॉट उष्णता बाहेर काढायला दहा-वीस वॉट पुरतात. १८ मार्च १९८७ रोजी न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात भरलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्र परिषदेच्या खास बैठकीला सुमारे दोन हजार लोकांनी गर्दी केली आणि ती पहाटे तीन वाजून गेल्यावर संपली. जुलैत खुद्द अध्यक्ष रेगन यांनी अतिसंवाहकतेच्या व्यावसायिक उपयोगांवरील परिषदेत भाषण केले. त्या वर्षभरात वर्तमानपत्रांनी बिनहानीच्या तारा, तरंगत्या गाड्या आणि स्वस्त वीज यांची जी चित्रे रंगवली, त्यांत तारा कशा बनवायच्या या प्रश्नाला फारशी जागा मिळाली नाही.

तो प्रश्नच मुख्य होता. मृत्तिकेची तार म्हणजे कपबशीच्या चिनीमातीची तार. ती वाकत नाही, ओढली तर तुटते. त्याहून खोल अडचण आयबीएमच्याच यॉर्कटाउन प्रयोगशाळेत भारतात जन्मलेले प्रवीण चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उघड केली: हे पदार्थ असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असतात, आणि शेजारच्या दोन कणांच्या दिशा थोड्याशा जरी एकमेकींपासून फिरलेल्या असल्या तरी त्यांच्या सीमेवरून जाऊ शकणारी धारा झपाट्याने घटते. सुटा कण उत्तम, पण कणांची रांग निरुपयोगी. पहिला व्यवहार्य मार्ग सापडला तो बिस्मथयुक्त ऑक्साइडच्या बाबतीत, कारण त्याचे कण पत्र्यांसारखे चपटे असतात आणि दाबले की आपोआप एका दिशेने बसतात. त्याची भुकटी चांदीच्या नळीत भरायची, नळी ओढून बारीक करायची, अशा अनेक नळ्या एकत्र करून पुन्हा ओढायच्या, लाटून चपटी फीत करायची आणि मग भट्टीत भाजायची. चांदीच का, तर ती भुकटीशी रासायनिक भांडण करीत नाही आणि तापल्यावर ऑक्सिजनला आरपार जाऊ देते. फितीचा मोठा भाग चांदीच असल्याने ती स्वस्त होण्याला मर्यादा होती. इट्रियमच्या पदार्थासाठी पुढे दुसरा मार्ग निघाला, ज्यात निकेल-मिश्रधातूच्या पातळ पट्टीवर कणांना शिस्त लावणारे थर देऊन त्यांवर एखाद-दोन मायक्रोमीटर जाडीचा अतिसंवाहक चढवतात. त्या फितीला दुसऱ्या पिढीची तार म्हणतात. हे सारे व्हायला दहा-पंधरा वर्षे लागली. भौतिकशास्त्राच्या बातमीपासून कारखान्यातल्या रिळापर्यंतचे अंतर तेवढे असतेच, फक्त १९८७ मध्ये ते सांगण्याची कोणाला इच्छा नव्हती.

या काळात वाहिनीच्या प्रयोजनातही एक बदल झाला, आणि तो या इतिहासातील खरा वळसा म्हणता येईल. दूरच्या पारेषणात होणारी हानी मुळातच फार नसते; आपल्या राज्याच्या पारेषण जाळ्यातही ती तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात आहे आणि मोठी गळती त्यापुढच्या वितरणात होते. तेवढी हानी वाचवण्यासाठी शेकडो किलोमीटर थंड नळी पुरणे परवडणार नव्हते. पण जुन्या शहरांच्या पोटात वेगळीच टंचाई होती, ती जागेची. रस्त्यांखालच्या नलिका भरलेल्या, नवे खोदकाम महाग, आणि नव्या उपकेंद्रासाठी भूखंड मिळणे दुरापास्त. तेवढ्याच जाडीच्या केबलमधून तिप्पट-चौपट वीज नेता आली तर जुन्याच नलिकेत भागते, हा युक्तिवाद पुढे आला, आणि गार्विन-मॅटिसू यांच्या हजार किलोमीटरच्या स्वप्नाची मोजणी मीटरमध्ये होऊ लागली.

डेट्रॉइट शहरातील फ्रिस्बी उपकेंद्राचा प्रकल्प या नव्या विचाराचा नमुना होता. तेथे नऊ तांब्याच्या केबलींच्या जागी तीन अतिसंवाहक केबली, सुमारे ८,२०० किलो तांब्याच्या जागी सुमारे ११३ किलो अतिसंवाहक तार, लांबी १२० मीटर, आणि त्या जुन्याच, दहा सेंटिमीटर व्यासाच्या, काटकोनात वळणाऱ्या नलिकांतून ओढायच्या. डेट्रॉइट एडिसन ही वीजकंपनी, केबल बनवणारी पिरेली, तार बनवणारी अमेरिकन सुपरकंडक्टर आणि अमेरिकेचे ऊर्जा खाते असे सारे त्यात होते. २००१ मध्ये केबली ओढून झाल्या, तारेने काही तक्रार केली नाही, आणि तरीही या वाहिनीने एकाही ग्राहकाला वीज दिली नाही. घात केला तो क्रायोस्टॅटने. क्रायोस्टॅट म्हणजे केबलभोवतीची दुहेरी पन्हाळी नळी. तिच्या दोन भिंतींमध्ये थर्मासच्या बाटलीसारखा निर्वात राखलेला असतो आणि चकचकीत पत्र्यांचे पातळ थर बाहेरच्या उष्णतेला परतवून लावतात. डेट्रॉइटमध्ये हा निर्वात टिकेना. हवा आत झिरपू लागली की उष्णता झिरपते, उष्णता झिरपली की नायट्रोजन तापतो, आणि मग जगातील सर्वोत्तम तारही कुचकामी ठरते. अतिसंवाहक वाहिनीतील सर्वांत नाजूक भाग अतिसंवाहक नाही, हे या प्रकल्पाने भरपूर पैसे खर्चून सिद्ध केले.

त्याच सुमाराला छोट्या प्रमाणावर मात्र यश येत होते. जॉर्जिया राज्यातील कॅरलटन येथे साउथवायर या केबलकंपनीने २००० सालापासून आपल्याच कारखान्यांना ३० मीटरच्या अतिसंवाहक केबलने वीज पुरवली, आणि २००१ च्या मे महिन्यात कोपनहेगनच्या आमागेर उपकेंद्रात तेवढ्याच लांबीची, ३० किलोव्होल्टची केबल बसवून सुमारे ५०,००० घरांचा पुरवठा तिच्यातून नेण्यात आला. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे २००६ मध्ये ३५० मीटरची वाहिनी सुरू झाली, आणि २००८ मध्ये तिचा ३० मीटरचा तुकडा बदलून दुसऱ्या पिढीच्या तारेचा बसवण्यात आला, तेव्हा ती तार प्रथमच चालू जाळ्यात आली.

२००८ च्या एप्रिलमध्ये लाँग आयलंडवरील होल्ब्रुक येथे १३८ किलोव्होल्टची, ६०० मीटर लांबीची आणि ५७४ मेगाव्होल्ट-ॲम्पियर क्षमतेची वाहिनी कार्यान्वित झाली; पारेषणाच्या व्होल्टेजवर चालणारी जगातील ही पहिली अतिसंवाहक केबल होती. ब्रुकहेवनचा प्रयोग बंद पडल्याला बावीस वर्षे झाली होती, बेट तेच होते, आणि व्होल्टेजही तेच होते. हेलियमच्या जागी नायट्रोजन आला होता. त्या ६०० मीटरच्या तीन केबलींत दीडशे किलोमीटरहून अधिक बिस्मथ-चांदीची फीत गुंडाळलेली होती, यावरून अशा वाहिनीच्या किमतीचा अंदाज येतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी ईशान्य अमेरिका आणि कॅनडाचा काही भाग मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले होते, त्या अनुभवाने अशा प्रकल्पांना सरकारी पैसा मिळणे सोपे झाले होते. शिवाय अतिसंवाहकाचा एक स्वभाव आता गुण म्हणून पुढे केला जाऊ लागला: जाळ्यात कुठे शॉर्टसर्किट होऊन धारा एकदम अनेकपट उसळली तर ती क्रांतिक मर्यादा ओलांडते, पदार्थ क्षणार्धात रोधक होतो आणि उसळलेली धारा आपोआप आवरली जाते. शंभर वर्षांपूर्वी ओनेस यांच्या चुंबकाचे बेत ज्या दोषाने उधळले होते, तोच दोष इथे संरक्षक म्हणून विकला जात होता.

सर्वांत विचारपूर्वक उभारलेला प्रकल्प जर्मनीतील एसेन शहराचा म्हणावा लागेल. एका जुन्या औद्योगिक शहराच्या मध्यभागी ११० किलोव्होल्टची केबल जुनी झाली होती आणि ती जिथे पोचते तिथे व्होल्टेज १० किलोव्होल्टवर उतरवणारे रोहित्र ठेवण्यासाठी महागडी जागा अडली होती. मोठ्या व्होल्टेजची गरज केवळ धारा आटोक्यात ठेवण्यासाठी असेल, आणि अतिसंवाहकाला मोठ्या धारेचे भय नसेल, तर ११० ऐवजी १० किलोव्होल्टवरच ४० मेगाव्होल्ट-ॲम्पियर नेता येतात आणि शहराच्या मध्यातील रोहित्र अनावश्यक ठरते, असा तेथील विचार होता. व्होल्टेज वाढवत नेण्याची शतकभराची रीत येथे उलटी फिरवलेली दिसते, आणि म्हणूनच हा प्रकल्प त्याच्या एक किलोमीटर लांबीपेक्षा मोठा आहे. आरडब्ल्यूई, नेक्सान्स आणि कार्ल्सरूहे तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून केलेल्या या कामाला सुमारे १ कोटी ३५ लाख युरो लागले आणि एप्रिल २०१४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तिन्ही कला एकाच केबलमध्ये एकीभोवती एक अशा गुंडाळलेल्या होत्या. थंडीसाठी शीतयंत्रही नव्हते. टँकरने आणलेला द्रव नायट्रोजन पंपाने दाब कमी करून उकळू द्यायचा आणि त्यातून केबलमधल्या नायट्रोजनला उकळबिंदूच्या बऱ्याच खाली ठेवायचे, अशी साधी व्यवस्था होती. वीजजाळ्याच्या देखभालीत दूधवाल्यासारखी नायट्रोजनवाल्याची फेरी येते हे अभियंत्यांना जरा विचित्र वाटले असेल, पण ती व्यवस्था सुमारे सात वर्षे, २०२१ पर्यंत, चालली.

आशियात या तंत्राने वेगळा वेग घेतला. जपानमध्ये योकोहामा येथे २०१२ मध्ये ६६ किलोव्होल्टची २४० मीटर केबल जाळ्याला जोडली गेली आणि होक्काइडोतील इशिकारी येथे दिष्ट धारेची ५०० मीटरची वाहिनी डेटा सेंटरला सौर वीज देण्यासाठी टाकण्यात आली. दक्षिण कोरियात शिनगल आणि ह्युंगडोक ही दोन उपकेंद्रे २०१९ मध्ये २३ किलोव्होल्टच्या एक किलोमीटर केबलने जोडली गेली. एका उपकेंद्राने दुसऱ्याची नड भागवावी म्हणजे प्रत्येक ठिकाणी राखीव रोहित्र नको, या हिशेबाने ती घेतलेली असल्यामुळे तिला पहिली व्यावसायिक अतिसंवाहक वाहिनी म्हटले जाते. मोठ्या अंतराचे स्वप्न मात्र कागदावरच राहिले. २००१ मध्ये ३९ केल्विनला अतिसंवाहक होणारे मॅग्नेशियम डायबोराइड सापडल्यावर चॉन्सी स्टार आणि पॉल ग्रँट यांनी खंडव्यापी महाजालाची कल्पना मांडली, ज्यात द्रव हायड्रोजन हाच थंडावाही देईल आणि इंधन म्हणूनही पोचवला जाईल; २००९ मध्ये न्यू मेक्सिकोत अमेरिकेची तीन स्वतंत्र वीजजाळी अतिसंवाहक केबलींनी जोडण्याचा प्रकल्प गाजावाजा करून जाहीर झाला, पण त्या केबली कधी पडल्या नाहीत. गार्विन आणि मॅटिसू यांनी ज्या अंतराची कल्पना केली होती त्याच्या तिप्पट अंतर कापणारी वाहिनी जगात उभी आहे, परंतु ती अतिसंवाहक नाही. चीनने २०१९ मध्ये चांगजीपासून गुचुआनपर्यंत सुमारे ३,३०० किलोमीटरवर १,१०० किलोव्होल्टच्या दिष्ट धारेने १२,००० मेगावॉट नेण्याची सोय केली, तीही तारा उघड्यावर टांगून, उन्हात तापू देऊन.

त्याच चीनने दोन वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, शांघायच्या शूहुई या दाट वस्तीच्या भागात ३५ किलोव्होल्टची १.२ किलोमीटर अतिसंवाहक केबल चालू केली. दोन उपकेंद्रांना जोडणारी ही केबल २,२०० ॲम्पियरसाठी बांधलेली आहे, दुसऱ्या पिढीच्या फितीची आहे, आणि नव्या साध्या केबलींसाठी लागणारी जागा त्या रस्त्यांखाली उरली नव्हती म्हणून ती आली आहे. तिच्यातील तुकडे जमिनीखालच्या कोठड्यांत एकमेकांना सांधलेले आहेत. वरच्या घरांतील दिवे मालवून भार उतरला तरी नायट्रोजनचे पंप रात्रभर फिरत असतात.